कडब्याचा भाव शेकड्यात नको, किलोत छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पहाटेच्या धारा उरकल्या, दूध संस्थेत पोचलं, की चहा घेता घेता मी तुमचं बाजारभावाचं पान वाचते. कांदा, तूर, हरभरा, सोयाबीन, डाळिंब, सोनं, चांदी, सगळं त्यात असतं. माझ्या दावणीला सहा संकरित गाई, दोन कालवडी आणि एक खिलार बैलजोडी आहे. ज्या वस्तूवाचून ही दावण एक दिवसही चालत नाही, त्या कडब्याचा भाव मात्र त्या पानावर नसतो. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, कारण यात माझ्या वहीतले आकडे आहेत आणि लेकीने धाडलेले परदेशातलेही आहेत. ते शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मला काय म्हणायचं आहे ते कळणार नाही.

माझं गाव सांगोला तालुक्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात मी चाऱ्याची वही घातली. त्या साली मार्चमध्ये जाऊबाईंनी आणि मी मिळून मंगळवेढ्याकडचा कडबा घेतला, ४०० पेंढ्या, १,८०० रुपये शेकडा. दोघींची जनावरं सारखी नव्हती, म्हणून वाटणी वजनावर करायची ठरली आणि दूध संस्थेचा पेंडीचा काटा आणून सगळा माल जोखला. भरला ११०० किलो. म्हणजे पेंढी पावणेतीन किलोची. हे वजन वहीत राहिलं ते केवळ त्या वाटणीमुळे. पुढची अकरा वर्षं मी भाव लिहीत गेले, वजन कधीच लिहिलं नाही. कडबा शेकड्यावर घ्यायचा ही रीतच आहे. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा, एवढंच आम्ही मोजतो.

२०२३ चा पावसाळा आमच्याकडे कसा गेला ते सांगायला नको. ऑक्टोबरअखेर सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सांगोला होता. २०२४ च्या एप्रिलात मी ५०० पेंढ्या घेतल्या, २,४०० रुपये शेकडा. मालाचे १२,०००, टेम्पोचे २,००० आणि उतरवून गंज लावायला ५००. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा तिला म्हटलं, अकरा वर्षांत कडबा शेकड्याला सहाशेनेच वाढला, त्या मानाने बरं आहे. ती म्हणाली, "आई, पेंढी जोखलीस का?"

लेक शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकली आणि आता कॅलिफोर्नियात जनावरांच्या आहाराचा पुढचा अभ्यास करते आहे. तिकडे वाळलेला चारा तपासताना एक लांब पोकळ नळी गाठोड्यात खुपसून आतला चारा काढतात. एका गाठोड्यावर भागत नाही, ढिगातली निदान वीस वेगवेगळी गाठोडी घेतात आणि सगळ्याचा मिळून एक नमुना प्रयोगशाळेत जातो. तिने सांगितलं, तुझ्याकडे नळी नाही तर नसू दे, गंजीतल्या वरच्या, खालच्या, मधल्या, अशा वीस पेंढ्या काढ आणि जोख. मी सकाळी जोखल्या. वीस पेंढ्या भरल्या ३८ किलो. म्हणजे पेंढी एक किलो नऊशेची.

मग हिशेब केला. २०१३ साली मी किलोला साडेसहा रुपये दिले होते. २०२४ साली दिले १२ रुपये ६० पैसे, आणि टेम्पो-हमाली धरली तर सव्वापंधरा. शेकड्याने बघितलं तर कडबा तेहतीस टक्क्यांनी महागला. किलोने बघितलं तर जवळपास दुप्पट झाला. अकरा वर्षं मी जो भाव वहीत लिहीत होते तो कडब्याचा नव्हताच, आळ्यांचा, म्हणजे पेंढी बांधायच्या बंधांचा होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पैसे गेले ते गेलेच, पण वही खोटी ठरली याचं जास्त.

यात सगळी लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडून कडबा घेतला तो व्यापारीही रानातून शेकड्यावरच उचलतो. ज्वारी उपटायला, बांधायला बायका मिळत नाहीत, आणि मजुरी पेंढ्यांच्या संख्येवर ठरली की पेंढी बारीक होणारच. ओल कमी असली की ताट हातभर खुजं राहतं, तेही पेंढीत दिसतं. पण मोठी पेंढी सोडून तिच्या दोन करणारेही आहेत, हे आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. त्या ५०० पेंढ्यांत साठ-सत्तर पेंढ्या आतून काळ्या निघाल्या, भिजून बुरशी धरलेल्या. दोन गाईंनी त्या खाल्ल्या आणि तीन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. व्यापाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, शेकडा मोजून दिला ना? मोजून दिला होता हे खरंच होतं, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी आमच्या दोघींचं बोलणं चाऱ्यावरच सुरू झालं. इकडे सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो, मी तिथून येताना भाव विचारून येते, आणि रात्री ती तिकडचे आकडे सांगते. तिचे आकडे ऐकून मला प्रथम भावाचं नाही, मोजण्याचं आश्चर्य वाटलं. अमेरिकेचं शेतीखातं वाळलेल्या घासाचा सरासरी भाव दर महिन्याला जाहीर करतं. घास म्हणजे आपण ज्याला लसूणघास किंवा मेथीघास म्हणतो तोच, ते त्याला अल्फाल्फा म्हणतात. शिवाय राज्याराज्यांच्या चारा बाजारांचे अहवाल वेगळे निघतात. भाव टनावर असतो आणि प्रतीची पाच नावं ठरलेली आहेत: सुप्रीम, प्रीमियम, गुड, फेअर, युटिलिटी. कोणता घास कोणत्या प्रतीत बसतो ते प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून ठरतं, बघणाऱ्याच्या मनावर नाही.

आता तिकडचा भाव कसा वरखाली झाला ते बघा. २०२२ च्या शरदात अमेरिकेत घासाचा सरासरी भाव टनाला २८० डॉलरच्या आसपास पोचला होता. पश्चिमेकडची राज्यं कोरडी पडली होती, डिझेल आणि मका महाग होता आणि चीन जहाजंच्या जहाजं भरून घास उचलत होता. मग पाऊस झाला, पीक वाढलं, चीनची मागणी घटली, आणि २०२४ संपता संपता तोच भाव १७० डॉलरच्या आसपास उतरला. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ चाळीस टक्के खाली. त्यांच्या आलेखाला चढ आहे तसा उतारही आहे. माझ्या वहीत मधल्या वर्षांचं वजनच नाही, त्यामुळे किलोने उतार कधी आला ते कळत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी शेकड्याचा भाव दोन-तीनशेने उतरतो, पण तेवढ्यात पेंढीही बारीक झाली होती का, ते मी जोखलेलं नाही.

मी कडबा घेतला त्या एप्रिलच्या सुमारास तिकडे घास टनाला २०० डॉलरच्या आसपास होता. त्यांचा टन आपल्यापेक्षा लहान, ९०७ किलोचा. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने किलोला १८ रुपये पडतात. माझा कडबा रानातच साडेबाराचा. वरवर बघता आपलाच चारा स्वस्त. पण घासात शंभर किलोमागे अठरा किलोच्या आसपास प्रथिनं असतात, कडब्यात तीन-चार किलो. प्रथिनांच्या किलोवर भाव काढला तर त्यांना शंभरच्या आसपास पडतं, मला तीनशेच्या वर. लेकीने लगेच बजावलं की कडबा प्रथिनांसाठी घालत नाहीत, रवंथासाठी आणि पोट भरण्यासाठी घालतात, त्यामुळे ही तुलना अर्धीच खरी. मला ते मान्य आहे. तरीही ती अर्धी तुलना करता आली ती मी पेंढी जोखली म्हणून. शेकड्यावरून जगातल्या कोणत्याही भावाशी काहीच ताडून बघता येत नाही. मंगळवेढ्याचा शेकडा आणि करमाळ्याचा शेकडासुद्धा ताडून बघता येत नाही.

तिकडे भाव जाहीर करण्याचा उपयोग काय होतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अमेरिकेत २०१९ पासून दूधउत्पादकांसाठी डेअरी मार्जिन कव्हरेज नावाची योजना चालू आहे. दर महिन्याला मक्याचा, सोयापेंडीचा आणि घासाचा जाहीर झालेला भाव घेऊन १०० पौंड दुधामागचा खाद्यखर्च काढतात, तो दुधाच्या भावातून वजा करतात, आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याने निवडलेल्या पातळीच्या खाली गेली की फरक सरकार देतं. शेतकरी त्यासाठी हप्ता भरतो आणि हे ठरावीक दुधापुरतंच असतं. ज्या पातळीपर्यंत संरक्षण घेता येतं ती ९.५० डॉलर, म्हणजे दुधाच्या किलोमागे साधारण १७ रुपये. २०२३ च्या जुलैत ही उरलेली रक्कम ३.५२ डॉलरपर्यंत घसरली. आपल्या हिशेबाने किलोला साडेसहा रुपये. योजना सुरू झाल्यापासून इतकी वाईट वेळ आली नव्हती, आणि त्या महिन्यात शेतकऱ्यांना पैसे मिळाले. घासाचा भाव छापला जात नसता तर हे गणित मांडताच आलं नसतं.

आता माझा २०२४ चा एप्रिल सांगते. दहा लिटरच्या गाईला दिवसाला सहा किलो कडबा, सव्वापंधराने ९२ रुपये. पेंड-भरडा पाच किलो, १५५ रुपये. हिरवं काहीच नव्हतं, विहिरीला माणसांपुरतं पाणी. खाद्याचेच झाले २४७. दूध संस्थेत लिटरला २६ रुपये मिळत होते, म्हणजे २६० आले. लिटरमागे उरला एक रुपया तीस पैसे, आणि त्यात औषधपाणी, लाईट, माझी आणि मालकांची मेहनत धरलेली नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला ज्या साडेसहा रुपयांवर मदत मिळाली, त्याच्या पाचव्या हिश्शावर आमचं घर चाललं होतं. आपल्या राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं त्याबद्दल मी ऋणी आहे, पुढे ते सात केलं त्याबद्दलही. पण पाच रुपये मिळाले ते ११ जानेवारी ते १० मार्च २०२४ या काळातल्या दुधाला, आणि मग पुन्हा १ जुलैपासूनच्या दुधाला. मधले साडेतीन महिने, कडबा सगळ्यात महाग आणि रान सगळ्यात कोरडं असताना, काही नव्हतं. अनुदान ठरवणाऱ्यांनी मुद्दाम असं केलं असेल असं मला वाटत नाही. चाऱ्याचा भाव सांगणारा कागदच त्यांच्यासमोर नसेल, तर एप्रिल आणि ऑगस्ट यांतला फरक त्यांना कुठून दिसावा?

सरकार चारा मोजतच नाही असं नाही. घाऊक किंमत निर्देशांकात चारा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चाऱ्याची महागाई २५ टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा त्याची बातमी आली होती. त्या साली मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेत गव्हाचं पीक आणि त्याबरोबर भुसा घटला, आणि हरियाणातल्या काही जिल्ह्यांनी भुसा बाहेर न्यायला बंदी घातली. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचा अंदाज सांगतो की देशात वाळक्या चाऱ्याची तूट २३ टक्क्यांच्या वर आहे. पण देशभराच्या सरासरीवरून या रविवारी मी कडबा घ्यावा की पंधरा दिवस थांबावं हे ठरवता येत नाही. २०२३-२४ मध्ये आपल्याकडेही काही जिल्ह्यांनी चारा बाहेर न्यायला बंदी घातली होती. अशा बंदीने एका जिल्ह्यात भाव पडतो आणि शेजारच्यात चढतो. किती पडला, किती चढला, हे नंतर कोणी तपासलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही.

ऑस्ट्रेलियाचं मला विशेष सांगायचं आहे, कारण तो देश आपल्यासारखाच पावसाकडे डोळे लावून असतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्स हे अख्खं राज्य दुष्काळी जाहीर झालं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी चारा भरून ट्रकांच्या रांगा पूर्वेला पाठवल्या, हजारो किलोमीटर. इतक्या लांबून आलेल्या चाऱ्यात भाडं किती आणि चारा किती हे वेगळं समजणं गरजेचं असतं. तिथे डेअरी ऑस्ट्रेलिया ही संस्था विभागवार चाऱ्याचे आणि धान्याचे भाव नियमित जाहीर करते, ओटचा चारा वेगळा, घासाचा वेगळा, काडाचा वेगळा. या संस्थेचा खर्च मोठ्या प्रमाणात दूधउत्पादकांच्याच पट्टीतून चालतो. आपल्याकडेही दुधाच्या बिलातून कपाती होतात. त्यातला एखादा पैसा कडबा जोखायला गेला तर मी तरी तक्रार करणार नाही.

त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात नॉर्वे वाळून गेला होता आणि तिथल्या शेतकऱ्यांनी आइसलँडहून जहाजाने गवत आणलं. जपान तर वर्षानुवर्षं अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाहून चारा आणतो. २०२२ मध्ये येन डॉलरला १५० पर्यंत घसरला आणि तिथल्या गोठ्यांचं कंबरडं मोडलं. पाऊस, गवत, गाई होत्या तशाच राहिल्या आणि चारा चलनाने महाग झाला.

सौदी अरेबियाची गोष्ट लेकीने सांगितली तेव्हा मालकसुद्धा जेवता जेवता थांबून ऐकत होते. त्या देशाने घास पिकवून पिकवून जमिनीखालचं पाणी उपसलं, आणि मग पाणी वाचवायचं म्हणून हिरव्या चाऱ्याची मोठी शेती बंद करायचं ठरवलं. गाई तर होत्याच. अलमराई या तिथल्या मोठ्या दूध कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लाइथजवळ जमिनी घेतल्या, तिथे घास पिकवायचा, वाळवायचा आणि जहाजाने सौदीला न्यायचा. अॅरिझोनाच्या लोकांनी विचारलं, हे आमच्या विहिरींचं पाणी चाललं आहे त्याचं काय? २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या गव्हर्नरांनी राज्याच्या मालकीच्या जमिनीवरचा या कंपनीचा भाडेपट्टा रद्द केला. मालक म्हणाले, "मग वैरण विकली म्हणजे पाणी विकलं म्हण की." मला तेव्हापासून प्रत्येक पेंढीकडे बघताना ते आठवतं.

आपली मालदांडी ज्वारी कुठलं पाणी पिते याचा विचार करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, काळ्या भुईतल्या ओलीवर वाढायची, जमलं तर एखादं पाणी, नाहीतर तेही नाही. घास उभा करायला पाण्याची पाळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मालदांडीचा कडबा गोड, पाल्ह्याचा, जनावर ताटाचं बूडसुद्धा सोडत नाही. आत्याबाई ताट हातात घेऊन मोडायच्या, कटकन मोडलं की नाही ते ऐकायच्या, वास घ्यायच्या आणि सांगायच्या हा कडबा घ्या, तो नको. त्यांना ओलावा, पाल्हा, गोडी, सगळं कळत होतं. फक्त ते कागदावर कधी आलं नाही, आणि त्याचा भावही वेगळा झाला नाही. चांगल्या आणि वाईट कडब्याच्या शेकड्यात शंभर-दोनशेचाच फरक.

फ्रान्सच्या दक्षिणेला क्रो नावाचा दगडगोट्यांचा माळ आहे. सोळाव्या शतकात ड्युरान्स नदीचा कालवा काढून तिथे पाणी नेलं आणि गवत होऊ लागलं. त्या गवताला १९९७ पासून सरकारमान्य नाव आहे, जसं आपल्याकडे भौगोलिक मानांकन असतं तसं. दर गाठोड्याला लाल-पांढरी दोरी असते, ती दुसऱ्या कोणी वापरायची नाही. वर्षात तीन कापण्या. पहिली घोड्यांना, दुसरी गाईंना, तिसरी शेळ्यामेंढ्यांना, आणि घेणाऱ्याला कापणी कोणती हे विचारून घेता येतं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला शेजारी म्हणून अभिमान आहे. पण ते दाण्याला मिळालं. त्याच ताटाच्या कडब्याला नाव नाही, दोरी नाही, वजन नाही. वर्षानुवर्षं ज्वारीचं क्षेत्र घटत चाललं आहे, लोक उसाकडे, हरभऱ्याकडे वळले. ज्वारी करणाऱ्याला कडब्याचा वजनावर आणि गुणावर पैसा मिळाला, तर निदान काही जण ती सोडणार नाहीत असं मला मनापासून वाटतं. माझी तक्रार कडबा महाग झाल्याची नाही, हे इथे स्पष्ट सांगते. पिकवणाऱ्याला जास्त मिळालं तर मला आनंद आहे. मी साडेबारा रुपये किलो दिले तेव्हा त्यातले पिकवणाऱ्याला किती पोचले, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही.

दुष्काळात सरकार छावण्या उघडतं. २०१९ मध्ये मोठ्या जनावराला दिवसाला ९० आणि पुढे १०० रुपये मिळत होते. आमची जनावरं तेव्हा अडीच महिने छावणीत होती, मी रात्री तिथेच झोपायचे. ९० चे १०० करायला किती आंदोलनं आणि निवेदनं झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. किलोचा भाव आठवड्याच्या आठवड्याला छापला जात असता, तर १०० कधी करायचे हे त्या आकड्यावरूनच ठरलं असतं.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आठवड्यातून एकदा, सोमवारच्या अंकात, चार ओळींची एक चौकट द्या. सांगोला, मंगळवेढा, बार्शी, करमाळा, एवढ्या चार ठिकाणांपासून सुरुवात करा. शेकड्याचा भाव, वीस पेंढ्यांचं वजन, त्यावरून निघालेला किलोचा भाव, आणि माल कोरडा आहे की ओलसर, एवढंच. जिथे मुरघास, उसाचं वाडं किंवा गव्हाचं काड विकलं जातं तिथे त्याचाही किलोचा भाव. तुमचे वार्ताहर प्रत्येक बाजाराला असतातच. काटा बाजार समितीकडे असतो. बाजार समित्यांनाही मी या पत्रातून सांगते की कडब्याच्या गाड्या उभ्या राहतात तिथे एक काटा टांगा आणि मागेल त्याला वीस पेंढ्या जोखून द्या, फार तर पाच रुपये घ्या. राज्य सरकारला एवढंच म्हणणं आहे की हा भाव वर्षभर छापून आला की दुधाचं अनुदान त्याच्याशी बांधा. महिने आधी ठरवू नका, भावाला ठरवू द्या.

माझं नाव छापू नये ही विनंती. कडबा मला याच भागातून घ्यायचा आहे आणि देणारे सगळे ओळखीचे आहेत. पण तुमच्या वार्ताहराला वही बघायची असेल तर दूध संस्थेत सकाळी सात वाजता मी असते.

चौकटीचा पहिला आकडा मीच देते. गेल्या रविवारी, मार्च २०२५, सांगोला बाजाराबाहेर उभ्या असलेल्या एका गाडीतला मालदांडीचा कडबा, या हंगामाचा. भाव २,३०० रुपये शेकडा. गाडीवाल्याला विचारून वीस पेंढ्या वेगवेगळ्या थरांतून काढल्या, शेजारच्या पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर जोखल्या. वजन ४१ किलो. किलोला ११ रुपये २० पैसे. माल कोरडा, ताट कटकन मोडत होतं, पाल्हा बरा.

आपली,
एक दूधउत्पादक शेतकरी बाई,
ता. सांगोला, जि. सोलापूर